पांढरी आणि काळी : घरांच्या छपरांचा रंग व पृथ्वीचा ताप

या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. ज्याने आपले सारे आयुष्य मराठी भाषा व साहित्य शिकविण्यात घालविले, त्याने घराच्या छपराला कोणता रंग असावा यावर बोलावे, हे वरवर पाहता विचित्रच आहे. परंतु या विषयाकडे मी वळलो तो एका शब्दामुळे, आणि शब्दांचा मागोवा घेणे हे तर माझे कामच. शिवाय हा विषय आता केवळ शास्त्रज्ञांकडे सोपवून भागण्यासारखा राहिलेला नाही. २०२५ साली एप्रिल आणि मे महिन्यांत आपल्या कलबुर्गी विभागातील शासकीय कार्यालयांची वेळ सकाळी आठ ते दुपारी दीड अशी करण्यात आली. ज्याच्या डोक्यावर पंखा आणि पक्के छत आहे अशा कर्मचाऱ्याची दुपार त्या आदेशाने वाचली, हे योग्यच झाले. पण मैलूरच्या एखाद्या गल्लीत पत्र्याखाली शिवणयंत्र चालविणाऱ्या बाईची दुपार कोणत्या आदेशाने वाचणार?

तो शब्द म्हणजे ‘पांढरी’. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले आढळतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जेथे माणसे घरे बांधून राहतात ती. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी घरे पडत व पुन्हा उभी राहत गेली, चुलीतील राख, शेण, माती, चुना यांचे थर साचत गेले, आणि वस्तीखालची जमीन फिकट, राखट पांढरी झाली. आजही पुरातत्त्वज्ञ जुन्या वस्तीचा शोध घेताना प्रथम पांढरीचे टेकाड पाहतात. हीच पांढरी माती आपल्याकडे घराच्या माळवदावर पसरीत असत. काळी माती वाळली की तिला भेगा पडतात आणि पहिल्याच पावसात घर गळू लागते. पांढरी माती दबून घट्ट बसते. म्हणजे गावाची जागा पांढरी आणि गावाचे छप्परही पांढरट.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्या पूर्वजांना प्रकाशाच्या परावर्तनाचे शास्त्र ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांनी छपरे पांढरी ठेवली, असे विधान करण्याचा मोह अशा व्यासपीठांवर अनेकांना होतो. मला तो होत नाही. पांढरी माती वापरली गेली ती पाणी गळू नये म्हणून. माळवदाखाली जो गारवा असे तो रंगापेक्षा हातभर जाडीच्या मातीच्या थराचा होता. दुपारचे ऊन त्या थरातून खाली उतरेपर्यंत रात्र होई, आणि तोपर्यंत माणसे वर, उघड्या माळवदावर, अंथरुणे टाकून झोपलेली असत. मीही तसाच झोपलो आहे.

चुन्याची गोष्ट मात्र निराळी आहे. संस्कृतात ‘सुधा’ या शब्दाचा एक अर्थ अमृत असा आहे, तसा दुसरा अर्थ चुना असाही आहे. सुधेने, म्हणजे चुन्याने, लिंपलेले घर ते ‘सौध’. आपल्या राज्याचे विधिमंडळ ज्या वास्तूत भरते तिचे ‘विधान सौध’ हे नाव या अर्थी पाहिले तर ‘विधिविधानाचे चुनेगच्ची घर’ असेच होईल. मराठीतला चुना, हैदराबादी उर्दूतला चूना आणि कन्नडातला सुण्ण हे तिन्ही शब्द मुळात एकाच ‘चूर्ण’ शब्दाची लेकरे आहेत. बीदरमध्ये एकाच भिंतीवर काम करणारे तीन गवंडी हे तीन शब्द उच्चारतात आणि एकाच पिंपात ब्रश बुडवितात.

आता शास्त्राकडे वळू. ते अवघड नाही. भर दुपारी निरभ्र आकाशातून एक चौरस मीटर जागेवर उन्हातून सुमारे एक हजार वॅट इतकी शक्ती पडते. घरातील विजेची इस्त्री साधारण तेवढीच शक्ती घेते. म्हणजे दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद छपरावर मे महिन्याच्या दुपारी शंभर इस्त्र्या तापत ठेवल्यासारखे होते. यांपैकी किती इस्त्र्या घराला तापवतील आणि किती परत आकाशाकडे जातील, हे पृष्ठभागाच्या रंगावर अवलंबून असते. परत पाठविण्याच्या या क्षमतेला शास्त्रज्ञ ‘अल्बेडो’ म्हणतात. शब्द लॅटिन आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘पांढरेपणा’. मी त्याला धवलता म्हणेन. डांबर फासलेल्या गच्चीची धवलता शंभरात पाच ते दहा. पावसाळ्यांनी काळवंडलेल्या सिमेंटच्या स्लॅबची वीसच्या आसपास. ताज्या चुन्याची किंवा चांगल्या पांढऱ्या रंगाची सत्तर ते ऐंशी. काळवंडलेला स्लॅब शंभरांतील ऐंशी इस्त्र्या आत घेतो, चुना लावलेला तीसच. गच्चीवरच्या काळ्या टाकीतील पाण्याने मे महिन्यात ज्यांचा हात पोळला आहे, त्यांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु जे ऊन परत गेले त्याचे पृथ्वीच्या दृष्टीने काय होते? या प्रश्नात सारा विषय सामावला आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घोंगडीसारखा आहे, पण ही घोंगडी चमत्कारिक आहे : तिच्यातून सूर्याचा प्रकाश आरपार जातो, मात्र तापलेल्या जमिनीतून निघणारी अदृश्य उष्णता अडते. काळ्या छपराने गिळलेले ऊन प्रकाशरूपाने परत जात नाही. ते उष्णता होऊन बाहेर पडते आणि घोंगडीखाली सापडते. पांढऱ्या छपराने परतविलेले ऊन प्रकाशच राहते, आणि त्याचा बराचसा भाग घोंगडीतून निसटून अंतराळात जातो. उत्तर ध्रुवाकडील समुद्रावरचे बर्फ उन्हाळ्यात कमी होत चालले आहे. तेथे पांढऱ्याचे काळे होत आहे आणि म्हणून तापमानवाढीला आणखी जोर मिळत आहे. छपरे उजळणे ही त्याच्या नेमकी उलट क्रिया होय.

रंगाच्या जोडीला आणखी एक गुण लागतो : घेतलेली उष्णता झटकन सोडून देण्याचा. नवा कोरा पत्रा चकचकीत असतो, ऊनही बऱ्यापैकी परतवितो, तरी त्याखाली बसवत नाही. कारण उघडा धातू एकदा घेतलेली उष्णता किरणरूपाने सोडण्यात फार कृपण आहे. चुना, सिमेंट, माती, पांढरा रंग हे त्या बाबतीत उदार आहेत. म्हणून ‘आमचा पत्रा आधीच चमकतो, त्याला रंग कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटला तरी त्याचे उत्तर ‘रंग हवा’ असेच आहे. २००७ च्या राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही मोठ्या व्यापारी इमारतींच्या सपाट छतांसाठी हे दोन्ही गुण, किमान ७० आणि ७५ टक्के असे, वेगवेगळे नमूद केलेले होते.

मग आपल्या वस्त्या पांढऱ्याच्या काळ्या झाल्या कशा? सिमेंट स्वस्त झाले, सागवान महागले, माळवदाची दरवर्षी डागडुजी करणारी माणसे मिळेनाशी झाली, ही कारणे आहेतच. पण आपल्या भागात एक फार मोठे कारण घडले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेकांचा घास जाड दगडी भिंतींनी व त्यांवरच्या मातीच्या जड छपरांनी घेतला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हे जिल्हे आपल्या शेजारचे. आपल्यापैकी किती घरांतली लेक वा सून त्या भागातली आहे! त्यानंतर माळवदाखाली निर्धास्तपणे झोप लागणे शक्यच नव्हते. ज्यांना परवडले त्यांनी स्लॅब घातला, ज्यांना परवडले नाही त्यांनी पत्रे घातले. तेव्हा ‘जुन्या माळवदांकडे परत चला’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते छप्पर गार होते, पण ते माणसे मारीत होते. आता प्रश्न उरतो तो स्लॅबखाली आणि पत्र्याखाली राहणाऱ्यांचा उन्हाळा कसा सुसह्य करावयाचा हा.

या प्रश्नाचा अभ्यास आपल्यापासून फार दूर झालेला नाही. १९५६ पर्यंत आपली राजधानी असलेल्या हैदराबाद शहरात, अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या आणि हैदराबादच्याच संशोधकांनी मिळून कचेऱ्यांच्या इमारतींची छते पांढरी करून मोजमाप घेतले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. साधा सिमेंटचा स्लॅब पांढरा केल्यास दर चौरस मीटरला वर्षाकाठी १३ ते १४ युनिट, आणि काळे छत पांढरे केल्यास २० ते २२ युनिट वीज वाचते, असे त्यांना आढळले. ती वीज निर्माण करण्यासाठी जाळावा लागणारा कोळसा वाचल्याने दर चौरस मीटरमागे वर्षाला ११ ते १२ किलो कार्बन डायऑक्साइडही हवेत जायचा थांबतो. पुढे २०२३ साली तेलंगणा शासनाने २०२३ ते २०२८ या काळासाठी शीतल छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. एकूण ३०० चौरस किलोमीटर छपरांचे लक्ष्य, त्यांपैकी २०० एकट्या हैदराबादमध्ये. शासकीय व व्यापारी इमारतींना आणि ६०० चौरस यार्डांहून मोठ्या भूखंडांवरील घरांना सक्ती. लहान घरांना ऐच्छिक. कागदावरील लक्ष्य आणि छपरावरील चुना यांत अंतर असते हे आपण सर्वच जाणतो. तरीही एका राज्याने छपराच्या रंगाला राज्यकारभाराचा विषय मानले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

आता या आकड्यांत दडलेली एक गोष्ट पाहा. ही वीज वाचली ती वातानुकूलन यंत्रे असलेल्या कचेऱ्यांत. ज्या घरात असे यंत्रच नाही तेथे छप्पर पांढरे केल्याने वीज वाचणार नाही, कारण वाचविण्यासाठी ती जळतच नव्हती. तेथे वाचतो तो माणूस. हिशेबाच्या वहीत त्याचा रकाना नसतो, म्हणून अहवालांत तो दिसत नाही.

तो रकाना अहमदाबादने उघडला. मे २०१० मध्ये त्या शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि नंतरच्या अभ्यासात असे दिसले की त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले होते. यांतील फारच थोड्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘उष्माघात’ असा शब्द असेल. ऊन माणसाला बहुधा हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा म्हातारपणाच्या नावाने नेते. त्याच शहरातील एका रुग्णालयात प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट तापलेल्या छताखाली होता. नवजात अर्भके उष्णतेने आजारी होऊन दाखल होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आले की दोष छताचा आहे. कक्ष खालच्या मजल्यावर हलविला आणि अशा अर्भकांची संख्या बरीच घटली. औषध बदलले नव्हते. केवळ डोक्यावरचे छत दूर गेले होते. २०१३ मध्ये त्या महानगरपालिकेने देशात प्रथमच उष्मा कृती आराखडा आखला आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील सुमारे तीन हजार छपरे चुन्याने पांढरी करण्याचा उपक्रम हाती घेतला. अशा छपराखाली खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांनी उतरते असे तेथे सांगितले गेले. नेमका फरक भिंती, खिडक्या आणि वारा यांवर ठरतो, शिवाय लाभ मिळतो तो सर्वांत वरच्या मजल्यालाच. पण आपल्याकडे बहुसंख्य घरांना मजला एकच असतो, म्हणजे प्रत्येक घर हे वरच्या मजल्याचेच घर.

यानंतर पृथ्वीचा हिशेब. २००९ साली हाशेम अकबरी, सुरबी मेनन आणि आर्थर रोझेनफेल्ड या तीन संशोधकांनी एक गणित मांडले. शंभर चौरस मीटरचे काळसर छप्पर पांढरे केले तर ते हवेतील दहा टन कार्बन डायऑक्साइडची उष्णता फिटवील इतके ऊन परतविते. आणि जगातील उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांतील सर्व शहरांची छपरे व रस्ते उजळले तर एकूण ४४ अब्ज टनांइतके काम होईल. अमेरिकेचे तत्कालीन ऊर्जामंत्री, नोबेल पारितोषिक विजेते स्टीव्हन चू यांनी त्याच वर्षी लंडनमध्ये पांढऱ्या छपरांचा जाहीर पुरस्कार केला, आणि ही कल्पना जगभर गेली.

४४ अब्ज टन हा आकडा प्रचंड वाटतो. पण कोळसा, तेल व वायू जाळून जग आज एका वर्षात सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. म्हणजे जगातील झाडून साऱ्या शहरांनी छपरे आणि रस्ते उजळले, तर फिटेल ते जेमतेम सव्वा वर्षाचे कर्ज, आणि तेही एकदाच. पुढच्या वर्षी नवे कर्ज उभे. शहरांनी व्यापलेली जमीन पृथ्वीच्या पाठीवर फारच थोडी आहे, तेव्हा याहून वेगळे उत्तर येणार तरी कसे? जे कोणी पांढऱ्या छपरांचे गुणगान करून कोळशाचा विषय टाळतात, ते आपल्याला शब्दशः चुना लावीत आहेत, असे मला वाटते.

याविरुद्धची बाजूही सांगितली पाहिजे. २०११ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्क जेकबसन व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की पांढऱ्या छपरांनी शहर गार होईल, परंतु हवा कमी तापल्याने ढग कमी बनतील, आणि परत जाणारा प्रकाश हवेतील काजळीचे कण गिळतील. त्यामुळे साऱ्या पृथ्वीचा विचार करता ताप किंचित वाढूही शकेल. बर्कलीच्या संशोधकांना हा निष्कर्ष मान्य नाही. माझ्यासारख्या भाषेच्या माणसाने या वादात निवाडा देऊ नये. मात्र एक प्रत्यक्ष उदाहरण उपलब्ध आहे. स्पेनच्या अल्मेरिया भागात हजारो हेक्टर शेती प्लॅस्टिकच्या छपराखाली चालते, आणि उन्हाळ्यात ती छपरे पांढरी केली जातात. १९८३ ते २००६ या काळात आसपासच्या प्रदेशाचे तापमान वाढत असताना या पांढऱ्या पट्ट्याचे तापमान दर दशकाला सरासरी ०.३ अंशांनी उतरत गेल्याचे आढळले. म्हणजे एखाद्या भागापुरता परिणाम निश्चित, साऱ्या पृथ्वीपुरता परिणाम लहान व वादग्रस्त, असे आजचे ज्ञान आहे. मला हे पुरेसे वाटते. दहा टनांसाठी कोणी छपरावर चढणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या आईसाठी चढेल.

साधनसामग्रीच्या बाबतीत तर आपण भाग्यवान आहोत. शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम हा सारा पट्टा चुनखडीचा आहे. तिथली फरशी महाराष्ट्रभर घरोघरी अंथरली गेली आणि तिथल्या सिमेंटने आपले स्लॅब उभे राहिले. चुनखडी भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून छपरावर लावला की वाळता वाळता हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत जळलेल्या कोळशाचा धूर मात्र परत येत नाही, हे विसरून चालणार नाही. तरीही दगडाने सोडलेला श्वास छपरावर परत घ्यावा, ही रसायनशास्त्रातील मला अत्यंत आवडणारी गोष्ट आहे.

कृती जुनीच आहे. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवावा. विरताना तो उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे जपावेत. दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळून त्यात डिंक किंवा चिकटा मिसळावा. छप्पर झाडून, धुऊन, शेवाळ खरवडून सकाळी किंवा सायंकाळी दोन हात द्यावेत. वेळ होळी ते पाडवा ही उत्तम. पावसाळ्यात चुना बराचसा धुपतो आणि धुळीने धवलता घटते, त्यामुळे हे काम दरवर्षीचे आहे. पत्र्यावर चुना टिकत नाही, पोपडे सुटतात. तेथे पांढरा तैलरंग किंवा बाजारात मिळणारा खास परावर्तक रंग लागतो, आणि तो महाग असतो. अडचण नेमकी येथे आहे. ज्याचे छप्पर सर्वांत अधिक तापते त्यालाच सर्वांत महागडा रंग लागतो, आणि अनेकदा ते घर भाड्याचे असते. भाडेकरू म्हणतो, ‘घर माझे नाही’. मालक म्हणतो, ‘ऊन मला लागत नाही’. या दोघांमधील जागा नगरपालिकेने किंवा गल्लीतल्या मंडळींनी भरून काढावी लागेल. गणपतीच्या वर्गणीतून मंडप उभा राहतो, तर पत्र्यांसाठी रंगाचे चार डबे येणे अशक्य नसावे.

विद्यार्थी मित्रहो, एक काम तुमच्यासाठी राखून ठेवले आहे. एकाच दिशेच्या, एकाच आकाराच्या शेजारशेजारच्या दोन वर्गखोल्या निवडा. एकीच्या छतावर चुना द्या, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींत छतापासून सारख्या अंतरावर एकेक साधा तापमापक टांगा आणि पाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत रोज सकाळी आठ, दुपारी तीन आणि शक्य असेल तेथे रात्री नऊ वाजता आकडे वहीत उतरवा. रात्रीची नोंद विसरू नका, कारण स्लॅब दिवसा घेतलेले ऊन रात्री खाली सोडतो. पहिल्या पावसाआधी एक नोंद चुना उरला किती याचीही करा, आणि चुना दिलेल्या छतावरचे पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी टाकीत घेऊ नका. ते बागेकडे सोडा.